डोळ्यांत बघायलाच हवं का?



चातुर्मासात पालेभाज्या बंद असताना कडधान्यांचं काय काय करता येतं, याचा दुसरा भाग या आठवड्यात देईन म्हटलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. आज दुसरंच लिहायचं आहे, कारण मंडळातल्या दोघीतिघींनी वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला आणि एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं.

माझ्या लेकीचा मुलगा 7 वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तो शब्द थोडे बोलतो, थकला की तेही बंद होतात. आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे हलवतो. ज्या थेरपी सेंटरमध्ये तो जातो, तिथे दर सहा महिन्यांनी उद्दिष्टांचा एक तक्ता बनतो. 'गोल शीट' म्हणतात त्याला. त्यावर आईवडिलांची सही लागते. यावेळी लेकीने सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आई, तू वाच आणि सांग.'

मी 1981ची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण कागद हातात आला की मधोमध रेघ मारून दोन रकाने करायची सवय काही गेली नाही. तक्त्यात एकूण 11 उद्दिष्टं होती. हाक मारल्यावर 10 पैकी 8 वेळा वळून बघणे. समोरच्याच्या डोळ्यांत 5 सेकंद बघणे. खुर्चीत सलग 25 मिनिटं बसणे. हात हलवणं कमी करणे. पाहुणे आले की नमस्कार करणे. असं पुढे. मी वहीत डावीकडे लिहिलं 'मुलाला उपयोग', उजवीकडे लिहिलं 'बघणाऱ्याला बरं वाटतं', आणि एकेक ओळ योग्य रकान्यात टाकत गेले. डावीकडे 4 आल्या, उजवीकडे 7.

हे माझं वर्गीकरण चुकीचंही असू शकेल, मी काही थेरपिस्ट नाही. मग बरोबर कोणाचं धरायचं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि नातवाला तर अजून सांगता येत नाही. पण ऑटिझम असलेली मुलं मोठीही होतातच ना. मोठी झालेली ती माणसं आज पन्नाशीची, साठीची आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी लिहून ठेवलंय की आपल्याला लहानपणी काय शिकवलं गेलं, त्यातलं काय कामाला आलं आणि काय नुसतं छळ वाटलं. लेक आणि मी गेले तीन महिने हेच वाचत होतो. ती इंग्रजी भराभर वाचते, मी शब्दकोश शेजारी घेऊन.

आधी त्या मराठी शब्दाचं सांगते. ऑटिझमला आपल्याकडे 'स्वमग्नता' म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द केवढा मोठा वाटतो! स्वतःत मग्न होता यावं म्हणून तर आपण सामायिकाला बसतो. पण या लोकांचं म्हणणं असं की आम्ही स्वतःतच बुडालेलो असतो हेच मुळात खरं नाही. उलट बाहेरचं सगळं, म्हणजे उजेड, आवाज, वास, कपड्याची शिवण, आमच्या अंगावर एकदम धावून येतं. दार लावून घेतल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

आता थोडा मागचा इतिहास, कारण त्याशिवाय ही तक्तेबाजी कुठून आली ते कळत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, इव्हार लोवास नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1960च्या दशकात त्यांनी या मुलांची वागणूक बदलण्यासाठी बक्षीस आणि शिक्षा अशी पद्धत वापरली. त्या काळी शिक्षेत थपडा होत्या, विजेचे झटकेही होते. 1965 साली 'लाइफ' या मासिकात त्यावर फोटोंसह लेख आला होता आणि त्यात काही लपवलेलं नव्हतं. पुढे 1987 साली त्यांनी 19 लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 40 तास, दोन वर्षं आणि त्याहून जास्त. 19 पैकी 9 मुलं शाळेत आणि बुद्धिमापनात इतर मुलांसारखी झाली, असं त्यात म्हटलं होतं. जगभरच्या आईवडिलांनी त्यातला 9 हा आकडा धरून ठेवला, आणि ते स्वाभाविकच आहे. मी मात्र 40 या आकड्यावर थांबले. माझ्या यजमानांनी बँकेत आयुष्य काढलं, तेही आठवड्याला साधारण तेवढेच तास बसत होते. आणि इथे ती तीनचार वर्षांची मुलं! आमच्या सेंटरमध्ये झटके नाहीत, थपडा नाहीत, हे लगेच सांगते. पण तक्त्याची घडण तीच आहे: दिसणारी वागणूक मोजायची, हवी ती वाढवायची, नको ती कमी करायची.

मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी याला उत्तर द्यायला सुरुवात केली ती साधारण 1990च्या सुमारास. 1993 साली कॅनडात टोरंटोला एक परिषद भरली होती. तिथे जिम सिंक्लेअर यांनी समोर बसलेल्या आईवडिलांना उद्देशून जे मांडलं, ते आजही वाचलं जातं. सांगणं साधारण असं होतं: तुम्ही ज्या मुलाची वाट बघत होतात ते आलं नाही याचं दुःख तुम्हाला होणारच, पण ते दुःख आमच्यासमोर, आमच्या नावानं करू नका. आम्ही मेलेलो नाही, इथेच आहोत. मी हे वाचून वही मिटवली आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

पुढे 2006 साली अमेरिकेत ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेली एक संस्था निघाली, ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क. 2021 साली त्यांनी उपचारांच्या नैतिकतेवर एक अहवाल काढला, त्याच्या नावाचाच अर्थ 'कोणाच्या भल्यासाठी?' असा होतो. माझ्या वहीतले दोन रकाने तिथे छापील भेटले म्हणा ना.

डोळ्यांत बघण्याबद्दल तर इतक्या जणांनी लिहिलंय की मला ते पाठ झालं आहे. बहुतेकांचं म्हणणं एकच: मी तुमच्या डोळ्यांत बघू शकेन किंवा तुमचं बोलणं ऐकू शकेन, दोन्ही एकदम नाही. काहींना तर डोळ्यांत बघणं अंगाला टोचल्यासारखं होतं. म्हणजे आपण मुलाला लक्ष देण्याची खूण शिकवतो आणि त्याच वेळी त्याचं लक्ष घालवतो. लेकीच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, यावर म्हणाल्या, "असं कसं? मोठ्यांकडे बघून बोलावं ही रीत आहे." रीत आहेच. पण मी त्यांना म्हटलं, "ताई, आपल्या जिनबिंबाची दृष्टी बघा. नासाग्र असते. ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, आणि लक्ष नाही असं कोणी म्हणतं का?" त्या हसल्या. पटलं असं मात्र म्हणाल्या नाहीत.

हात हलवण्याचंही तसंच. 2019 साली स्टीव्हन कॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांना याबद्दल विचारलं आणि त्यावर निबंध लिहिला. कॅप स्वतः ऑटिस्टिक आहेत. लोकांनी सांगितलं की हात हलवणं, डोलणं, गुणगुणणं याने आम्ही स्वतःला सावरतो, फार झालं की ते बाहेर काढतो, आनंदही असाच दाखवतो. स्वतःला इजा होत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ते थांबवणं म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरण्यासारखं आहे, हे माझं वाक्य, त्यांचं नव्हे. मेल बॅग्ज या अमेरिकेतल्या, बोलू न शकणाऱ्या आणि टाइप करून लिहिणाऱ्या व्यक्तीने तर 2007 साली इंटरनेटवर एक चित्रफीत टाकली. त्यात नळाच्या धारेखाली बोटं फिरवणं, वस्तू घासून आवाज काढणं हे आधी नुसतं दाखवलं, आणि मग संगणकाच्या आवाजात सांगितलं की हीच माझी भाषा आहे. मी ती दोनदा पाहिली. नातू आमच्याकडे सांगलीला आला की नळाखाली असाच उभा राहतो.

पण मला आजी म्हणून सगळ्यांत जास्त टोचलं ते दोन गोष्टींत. पहिली, सोंग. 2017 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं की तुम्ही चारचौघांत आपलं वेगळेपण लपवता का, कसं, आणि मग काय होतं. लपवतो, असं उत्तर आलं, आणि नंतर पार गळून जातो, आपण खरे कोण हेच कळेनासं होतं. काही जण पुढे वर्षानुवर्षं अंथरूण धरतात, येत असलेली कामंही हातून होईनाशी होतात. सून म्हणून चार दिवस परक्या घरी नीट वागून बघितलेली कुठलीही बाई हे समजू शकेल. त्यांना ते जन्मभर करायला शिकवायचं, आणि तेही पैसे मोजून!

दुसरी गोष्ट आज्ञाधारकपणाची. शेकडो तास मुलाला शिकवायचं की मोठं माणूस सांगेल ते करायचं, हात धरला तर धरू द्यायचा, नको वाटलं तरी करायचं. मग उद्या कोणी वाईट हेतूने हात धरला तर तो 'नको' कुठून आणणार? हे लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्या का लिहितात ते त्या सांगतात. मी इथे तपशील देत नाही. तुम्ही समजून घ्याल.

आता खाऊचं. सेंटरमध्ये डोळ्यांत बघितलं की बक्षीस म्हणून बटाट्याचा वेफर देत. लेकीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आम्ही जैन आहोत, कंदमुळं खात नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच केळ्याचे वेफर आणले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या महिन्यात निरोप आला की मुलाला चारनंतर काही खायला न देता आणा, म्हणजे बक्षिसाची ओढ राहील. तो सहाला घरी येतो. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस मूल अर्धपोटी ठेवायचं आणि त्याच्याच भुकेवर शिकवायचं.

स्वाध्यायात आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार कितीदा घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बैल आणि नोकरचाकर यांच्या संदर्भात आपल्याला ते समजावून सांगतात. मी ते पाच शब्द त्या तक्त्याशेजारी लिहिले. वध आणि छेद नाही, ते सोडून द्या. पण हात धरून ठेवणं, झेपेल त्यापेक्षा जास्त तास लादणं, आणि खाणं अडवणं? त्या मुली, म्हणजे तिथल्या शिकवणाऱ्या, फार मायाळू आहेत, नातू त्यांच्याकडे धावत जातो. हेतूबद्दल मला शंका नाही. पण हेतू चांगला असला तरी अतिचार लागतोच, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या मोठ्या माणसांत एकमत नाही. टेंपल ग्रँडिन यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. जन्म 1947चा, कोलोराडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. त्या म्हणतात की लहानपणी मिळालेली शिकवण, आळीपाळीने खेळायला लावणारी दाई आणि शिस्तीची आई नसती तर मी इथवर आले नसते. 13व्या वर्षी आईने त्यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे कामाला पाठवलं. मुलांना थोडं ओढून पुढे न्यावंच लागतं, असं त्यांचं मत. मला हे पटतं. पण त्या ज्या गोष्टींचे आभार मानतात त्या बघा: बोलणं, पाळी सांभाळणं, हाताला काम, पैसे मिळवणं. माझ्या डाव्या रकान्यातल्याच त्या.

आणि ज्या आया म्हणतात की लिहू शकणारा माणूस माझ्या न बोलणाऱ्या, भिंतीवर डोकं आपटणाऱ्या मुलाबद्दल काय सांगणार, त्यांचंही मी ऐकते. त्यांची रात्र आपण काढत नाही. तरी वाचलेल्यांत बोलता न येणारेही आहेत, आणि बोलता न येणाऱ्यांचं मागणं तर जास्तच साधं आहे: बोलणं येईल तेव्हा येईल, तोवर चित्रं द्या, टॅब द्या, अक्षरांची पाटी द्या, पण सांगायला काहीतरी द्या. डोकं आपटणारं मूल दात दुखतोय म्हणूनही आपटत असेल.

डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक, आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. 2012 साली त्यांनी मांडलं की या लोकांना दुसऱ्याचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण आपल्याला तरी त्यांचं कुठे कळतं? न कळणं दोन्ही बाजूंनी आहे. कॉमर्सवाल्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. दुहेरी नोंद. एका खात्यात काही लिहिलं की दुसऱ्यात लिहावंच लागतं, नाहीतर ताळेबंद जुळत नाही.

म्हणून एका रविवारी लेक, जावई आणि मी व्हिडिओ कॉलवर बसून तक्ता पुन्हा लिहिला, आणि मुलाच्या प्रत्येक उद्दिष्टासमोर मोठ्यांचं एक लिहिलं. त्याने 'नको' आणि 'थांब' हे कार्डाने किंवा टॅबवर दाखवायचं. समोरच्याने ते दाखवलं की खरंच थांबायचं. दुखतंय कुठे ते चित्रावर बोट ठेवून दाखवायचं. आपण ते 'नाटक' म्हणायचं नाही. शौचाला जाऊन आल्यावर स्वतः धुवायचं. आपण घाई करून हात लावायचा नाही. रस्ता ओलांडताना थांबायचं. पोहायला शिकायचं, कारण पाण्याची ओढ आहे आणि आमच्या घराजवळ कृष्णा आहे. कुकर लावण्याआधी मी त्याला कानावरचे हेडफोन दाखवायचे. देवळात आरतीच्या गर्दीत, घंटेच्या गजरात न्यायचं नाही, दुपारी शांत असताना न्यायचं. हे शेवटचं आम्ही आधीपासून करतोय. तो तांदळाचं स्वस्तिक काढतो, वर तीन पुंज आणि चंद्रकोर, एकही दाणा रेषेबाहेर जात नाही. तेवढा वेळ तो बसतो किती? 25 मिनिटांहून जास्त. खुर्ची मात्र नसते.

जाता जाता, ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड जरूर काढून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. जावयांनी गेल्या वर्षी जुन्या करपद्धतीत 80डीडी कलमाखाली 75,000 रुपयांची वजावट घेतली. शिक्का बसेल म्हणून लपवणाऱ्या घरांना मी हे आवर्जून सांगते.

सेंटरच्या मुख्य मॅडमनी नवा तक्ता शांतपणे वाचला. उपाशी आणण्याची अट त्यांनी लगेच काढली. डोळ्यांत बघण्याऐवजी 'लक्ष आहे हे कोणत्याही प्रकारे कळवणे' लिहायला तयार झाल्या. तास 15 वरून 9 वर आणायला मात्र कां कूं केलं, शेवटी 10 वर ठरलं. हात हलवण्यावर अडल्या. म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला काही त्रास नाही. पण शाळेत मुलं हसतील, त्याचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. लेकीकडे त्याला पुरतं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. ती एवढंच म्हणाली, "हसणाऱ्यांसाठी काय करायचं ते मी शाळेत जाऊन बोलते. त्याच्या कागदावर ते नको." तिने ती ओळ खोडली, बाजूला छोटी सही केली, खाली पूर्ण सही केली. सोमवारपासून नवा तक्ता सुरू झाला.

विहीणबाईंचा फोन आला. "अहो, 'नको' शिकवलंत, आता तो देवळात यायलाही 'नको' म्हणेल, मग?" लेक शेजारीच होती. म्हणाली, "मग त्या दिवशी नाही न्यायचं, आई." पलीकडे बराच वेळ शांतता. विषय तिथेच राहिला. शनिवारी त्यांनीच पुन्हा फोन केला. ते 'नको'चं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून मिळतं का, आणि मिळत असेल तर एक त्यांच्या स्वयंपाकघरात लावायला द्या, म्हणाल्या. परवा त्यांनी त्याला दुधीचा हलवा भरवायला घेतला तेव्हा त्याला कार्ड सापडलं नाही, आणि त्याने वाटीच उपडी केली.